घरच्या घरी सात दिवसांचं साधं डिटॉक्स, तेही पोटभर जेवून

आधीच सांगून टाकते, या सात दिवसांत तुम्ही दिवसातून तीन वेळा पोटभर जेवणार आहात आणि मधे भूक लागली तर खाणारही आहात. नुसत्या ज्यूसवर राहणं, सकाळी उठून मिठाचं पाणी पिऊन पोट धुऊन काढणं, नाहीतर कसल्यातरी पावडरचं पाकीट मागवून रात्री झोपताना घेणं, यातलं काहीच इथे नाही. साधं जेवण, तेही बहुतेक शिजवलेलं, काही गोष्टी आठवडाभर बंद आणि काही मुद्दाम वाढवलेल्या, एवढंच. ऐकायला फार भारी वाटत नाही माहितीये, पण जे खरंच उपयोगी पडतं ते बहुतेक वेळा असंच बोअरिंग असतं.

मुळात साफसफाई कोण करतं

हे आधी बघून घेऊ, कारण हे कळलं की बाकीचे निम्मे नियम तुम्ही स्वतःच काढाल.

साधारण दीड किलोचं लिव्हर हे यातलं मुख्य. प्रोटीन पचताना जो अमोनिया तयार होतो तो विषारी असतो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि किडन्या तो लघवीतून बाहेर टाकतात. औषधं, दारू, काम संपलेले हार्मोन्स हे सगळं पण लिव्हरच निस्तरतं आणि बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत हे काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात एन्झाइम्स त्या पदार्थाची रचना बदलतात आणि गंमत म्हणजे मधे जे तयार होतं ते कधीकधी मूळ पदार्थापेक्षा जास्त वाईट असतं. पॅरासिटामॉलचंच घ्या ना, त्याच्या थोड्या भागाचा असा एक घातक पदार्थ होतो, आणि दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोन नावाची गोष्ट त्याला चिकटून त्याला निरुपद्रवी करते. हे ग्लुटाथायोन शरीर तीन अमिनो ॲसिड्सपासून बनवतं, म्हणजे प्रोटीनमधून. आता ज्यूसवाल्या डिटॉक्समध्ये सगळ्यात कमी काय असतं? प्रोटीन. ज्या कामाच्या नावाने लोकांना उपाशी ठेवतात त्याच कामाचा कच्चा माल काढून घेतात, म्हणून मला तो प्रकार अजिबात पटत नाही.

किडन्यांचं तर बोलायलाच नको, दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीतून जातो. त्यांना आपल्याकडून पुरेसं पाणी आणि बेताचं मीठ हवं असतं, बाकी काही नाही.

आणि तिसरं, आतडं. लिव्हर जे पित्तातून आतड्यात सोडतं त्यातला बराच भाग पुढे परत शोषला जातो, पण जेवणात विरघळणारं फायबर असेल, म्हणजे ओट्स, डाळी, कडधान्यं, सफरचंद असलं काही, तर ते पित्तातली आम्लं धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. ज्यूस गाळला की चोथ्याबरोबर हे फायबरही कचऱ्याच्या डब्यात जातं.

म्हणजे आपलं काम तीनच गोष्टींचं आहे, लिव्हर-किडनीवरचा फुकटचा भार आठवडाभर कमी करायचा, फायबर वाढवायचं आणि प्रोटीन कमी पडू द्यायचं नाही.

हे कोणी करू नये, किंवा आधी डॉक्टरांना विचारावं

हा भाग वरवर वाचून पुढे जाऊ नका प्लीज. डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणातली साखर आणि मैदा अचानक कमी केल्यावर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, त्यामुळे डोसबद्दल आधी बोलून घ्या. किडनीचा आजार असेल तर भरपूर फळं, पालेभाज्या, टोमॅटो, कडधान्यं म्हणजे भरपूर पोटॅशियम, ते तुमच्यासाठी औषध नाही तर त्रास ठरेल. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर पालेभाज्या एकदम वाढवू किंवा एकदम बंद करू नका, त्यातलं व्हिटॅमिन के औषधाच्या विरुद्ध काम करतं आणि डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बसवलेला असतो. कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याबाबतचा मानसिक आजार आधी कधी होऊन गेलेली माणसं, यांनी अशा ‘हे बंद ते बंद’ प्रकारापासून लांबच राहावं. आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही, रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने एकट्याने घरी एका दिवसात दारू बंद करणं जीवावर बेतू शकतं, हात थरथरण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. तिथे हा लेख कामाचा नाही, डॉक्टर लागतात.

कुठलंही चालू औषध या आठवड्यात स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

आठवडा निवडा आणि चहा-कॉफी आधीच उतरवा

प्रवास, ऑफिसची डेडलाइन, घरात पाहुणे, असला आठवडा नको. पहिला दिवस शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी येईल असं बघा, म्हणजे दुसरा दिवस, जो सगळ्यात कंटाळवाणा असतो, तो घरी आरामात जाईल.

आता कॅफीन. दिवसाला चार-पाच कप घेणारा माणूस पहिल्या दिवशी एकदम शून्यावर आला की डोकं धरतं, आणि मग तो सगळ्यांना सांगत सुटतो की ‘टॉक्सिन्स बाहेर पडतायत’. काही टॉक्सिन वगैरे बाहेर पडत नसतं, कॅफीन सुटल्याचं डोकं दुखत असतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे सुरू होतं, पहिल्या एक-दोन दिवसांत जास्तीत जास्त असतं आणि काहींना आठवडाभर रेंगाळतं. त्यामुळे सुरुवातीच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज एक कप कमी करत या. माझं मत विचाराल तर पूर्ण बंद करायची गरजच नाही, सकाळचा एक कप ठेवा, फक्त साखरेशिवाय, आणि दुपारनंतर नको, कारण कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात आणि या आठवड्यात झोप नीट झाली नाही तर गोड खायची इच्छा आवरत नाही.

काय बंद

दारू, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, बिस्किटं, केक, चिप्स, इन्स्टंट नूडल्स, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस, तळलेलं आणि वरून घातलेली साखर. मध, गूळ आणि ब्राऊन शुगर पण साखरच, त्यांना वेगळी सूट नाही. फळातली साखर चालेल, कारण फळ चावून खाताना फायबर बरोबर येतं आणि तीन संत्री एका बैठकीत खाणं तसं कठीण असतं, ज्यूस करून पिणं मात्र दोन मिनिटांचं काम.

किती साखर म्हणजे जास्त, याचा अंदाज हवा म्हणून सांगते, जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस यांतून येणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अजून चांगलं. हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम असते. म्हणजे एका कॅनमध्ये दिवसाचा कोटा संपून वर उधारी.

पॅकबंद पदार्थांवर मी एवढी का अडून बसलीये तर २०१९ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांच्या टीमने एक प्रयोग केला होता. २० जणांना तिथेच राहायला ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात भरपूर प्रक्रिया करून बनवलेलं जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, फॅट, फायबर, मीठ जुळवून घेतलेलं होतं आणि हवं तितकं खायची मुभा होती. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणाच्या दोन आठवड्यांत लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरीज जास्त खाल्ल्या आणि वजन जवळजवळ एक किलोने वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. बळजबरी कोणीच केली नव्हती. त्यामुळे या सात दिवसांत सगळ्यात जास्त फरक कशाने पडत असेल तर तो पाकीट न फोडण्याने.

आता एक काम करा, सुरुवातीच्या आदल्या संध्याकाळी कपाटातली पाकिटं एकेक करून उलटी करा. समोरचं ‘नैसर्गिक’, ‘मल्टीग्रेन’ वगैरे वाचूच नका, मागची घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिलं नाव सगळ्यात जास्त. पहिल्या तिनात साखर असेल तर ते पाकीट आठवडाभर वरच्या फळीवर. आणि साखर नेहमी साखर या नावाने येत नाही, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट अशा वेगवेगळ्या नावांनी थोडी थोडी वाटून दिलेली असते, म्हणजे प्रत्येक नाव यादीत खाली जातं आणि एकूण बेरीज आपल्या लक्षात येत नाही. सोडियमचा आकडा दिसला तर त्याला अडीचने गुणा, ते झालं मीठ. दिवसाचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा, हे ठरलेलं आहे.

ताटात काय असणार

अर्धं ताट भाज्या, त्यातही किमान दोन रंगांच्या. पाव ताट प्रोटीन, म्हणजे डाळ, कडधान्यं, टोफू, पनीर, अंडी, मासे, चिकन, जे खाता ते. मांसाहार बंद करायची सक्ती नाही, ती वेगळी गोष्ट आहे आणि डिटॉक्सशी तिचा फार संबंध नाही. उरलेलं पाव ताट धान्य, शक्यतो अख्खं किंवा कमी पॉलिश केलेलं. दोन फळं दिवसातून, मूठभर शेंगदाणे, बदाम किंवा अक्रोड, एक वाटी बिनसाखरेचं दही चालत असेल तर. तेल बंद नाही, गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन आणि पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के नीट शोषलं जायला थोडं तेल लागतंच, उकडलेल्या भाज्या नुसत्या गिळायची शिक्षा कोणी सांगितलीये.

भाज्या-फळं मिळून दिवसाला ४०० ग्रॅम आणि फायबर किमान २५ ग्रॅम, हे टार्गेट ठेवा. ऐकायला खूप वाटतं पण बघा, सकाळी ४० ग्रॅम ओट्स म्हणजे साधारण ४ ग्रॅम फायबर, सालासकट एक सफरचंद ४ ग्रॅम, दुपारी एक कपभर शिजवलेले अख्खे मसूर १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाला बसायच्या आधीच २३ झाले. प्रोटीनचा हिशोब वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला साधारण ४८ ग्रॅम, त्या मसुरातून १८ तर आलेच.

भाज्यांमध्ये कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांच्यापैकी एक रोज असू द्या. यांच्यात गंधक असलेले काही घटक असतात, चिरल्यावर किंवा चावल्यावर त्यातून सल्फोराफेनसारखे पदार्थ तयार होतात आणि ते लिव्हरच्या त्या दुसऱ्या टप्प्यातल्या एन्झाइम्सना चालना देतात. जास्त उकळल्या की हे बनवणारं एन्झाइम मरतं, म्हणून चिरून दहा-पंधरा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि मग हलक्या वाफवायच्या.

एक भांडं जे आठवडा तारून नेतं

रोज नवीन रेसिपी शोधत बसलात तर तिसऱ्या दिवशी बाहेरून मागवाल. त्यामुळे मसूर आणि भाज्यांचं एक दाट सूप एकदा करून दोन दिवस पुरवायचं, हा माझा हुकमी उपाय.

दीड कप अख्खे मसूर सकाळी भिजत घाला, संध्याकाळी ते पाणी फेकून द्या आणि दोनदा धुवा, गॅस करणारी साखर थोडी त्या पाण्याबरोबर जाते. जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेल, त्यात जिरं, मग बारीक चिरलेला कांदा, आणि इथे घाई करायची नाही, मंद आचेवर कांदा कडेने लालसर होईपर्यंत दहा मिनिटं तरी द्या, कारण मीठ कमी घालणार आहोत तर चव इथूनच यायची आहे. मग ठेचलेला लसूण आणि आलं, कच्चा वास गेला की हळद, मिरपूड, हवं तर तिखट. दोन टोमॅटो, ते तेल सोडेपर्यंत. मग मसूर आणि सहा कप गरम पाणी. भाज्या सगळ्या एकदम टाकू नका, गाजर आणि भोपळा मसुराबरोबर, फरसबी दहा मिनिटांनी, आणि पालक किंवा कुठलीही पालेभाजी अगदी शेवटच्या दोन मिनिटांत, नाहीतर त्याचा काळपट चिखल होतो. मीठ शेवटी, चमच्याने मोजून, पूर्ण भांड्याला एक सपाट चमचा, दोन दिवसांचं आहे हे लक्षात ठेवा. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. एक तर उकळताना घातलं तर व्हिटॅमिन सी जातं, आणि दुसरं म्हणजे मसुरातलं लोह शोषायला तेच सी मदत करतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर याच्या बरोबर उलटं होतं, म्हणून चहा आणि जेवण यात तासाभराचं अंतर ठेवा.

निम्मं सूप गार झालं की लगेच फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यात थोडा भात घालून घट्ट केलं की वेगळंच जेवण वाटतं.

सात दिवस कसे जातात

पहिला दिवस उत्साहाचा, त्यामुळे तो सोपा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, गोड खायची तलफ, कॅफीन आधी उतरवलं नसेल तर डोकेदुखी. तलफ आली की आधी खरंच भूक आहे का बघा, असेल तर शेंगदाणे आणि एखादं फळ खा, भुकेशी लढाई करू नका, त्या लढाईत रात्री अकरा वाजता आपणच हरतो.

वजनाचा काटा तिसऱ्या दिवशी एक-दीड किलो खाली दिसला तर खूश होऊन सगळ्यांना सांगू नका. शरीरात ग्लायकोजेन म्हणून जी साखर साठवलेली असते तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी झालं की हा साठा थोडा वापरला जातो आणि ते पाणी निघून जातं, शिवाय मीठ कमी केल्यानेही पाणी उतरतं. चरबी इतक्या पटकन जात नाही. परत नेहमीचं खाणं सुरू केलं की हे वजन परत येणार आणि तेव्हा तुमचं काही चुकलेलं नसणार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात गुडगुड आणि गॅस होतो कारण आतड्यातल्या जिवाणूंना एकदम जास्त फायबर मिळायला लागलेलं असतं. आधी फायबर फारच कमी खात असाल तर पहिल्या दोन दिवसांत निम्म्याच प्रमाणाने सुरुवात करा, कडधान्यांऐवजी सालं काढलेल्या डाळी घ्या. आणि पाणी वाढवा, फायबर वाढवून पाणी न वाढवलं तर उलट पोट साफच होत नाही. किती पाणी, तर लघवी फिकट पिवळी राहील इतकं, तहान लागेल तसं. बीट खाल्ल्यावर काही लोकांची लघवी गुलाबी होते, ते रक्त नाही, घाबरू नका.

पाचव्या दिवसापासून बहुतेकांना बरं वाटायला लागतं, पोट हलकं, संध्याकाळची ती झोप येऊन डोळे मिटण्याची वेळ सरते. यात कुठलं विष बाहेर पडल्याचा संबंध नाही, नीट जेवण, कमी मीठ, दारू नाही आणि वेळेवर झोप यांचा आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे की.

चक्कर येणं, छातीत धडधड, सतत उलट्या किंवा जुलाब, यातलं काही झालं तर ‘साफसफाई चालू आहे’ म्हणून सहन करू नका. थांबवा, नेहमीचं जेवण घ्या, आणि त्रास गेला नाही तर डॉक्टरकडे जा.

यात भर म्हणून काय घालायचं नाही

लोकांना सात दिवस साधं जेवून समाधान होत नाही, वरून काहीतरी ‘स्ट्राँग’ हवं असतं. ॲक्टिव्हेटेड चारकोल नको, विषबाधेत हॉस्पिटलमध्ये त्याचा उपयोग आहे, पण घरी घेतला तर तो तुमची रोजची औषधंही पोटातच धरून ठेवतो आणि ती लागूच पडत नाहीत. ‘डिटॉक्स टी’मध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते, जी सरळ सरळ जुलाबाचं औषध आहे, पोट सपाट वाटतं ते पाणी गेल्यामुळे. एनिमा घरी करत बसू नका.

पालक-बीटचे ग्लासच्या ग्लास रोज पिणंही नको, त्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं आणि अशा हिरव्या ज्यूसच्या अतिरेकाने किडनीला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. भाजी करून वाटीभर खाणं ही वेगळी गोष्ट, ते खा. काकडी, दुधी, झुकिनी यातलं काही चिरताना चाखलं आणि कडू लागलं तर सरळ फेकून द्या, कडवटपणा क्युकरबिटासिनचा असतो आणि त्याने गंभीर विषबाधा होते, ‘कडू म्हणजे औषधी’ हा हिशोब इथे लावू नका.

पाण्याचाही अतिरेक नको. किडन्या तासाला साधारण एक लिटरच बाहेर टाकू शकतात, त्यापेक्षा जास्त सतत पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जीवघेणं ठरू शकतं. कोमट पाणी-लिंबू आवडत असेल तर जरूर प्या, चरबी वगैरे विरघळत नाही त्याने, फक्त नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, दातांच्या एनॅमलसाठी.

आणि कोणी ‘ऑटोफॅजी’चं, म्हणजे पेशी स्वतःचेच खराब झालेले भाग मोडून परत वापरतात त्या प्रक्रियेचं, नाव घेऊन तुम्हाला तीन दिवस उपाशी ठेवायला निघालं तर, हो, त्या विषयावर योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं ते मूळ काम यीस्टच्या पेशींवर होतं. त्यावरून माणसाने घरी किती दिवस उपाशी राहावं याचं वेळापत्रक निघत नाही.

आठव्या दिवशी

इथे सगळं एकदम परत आणू नका, नाहीतर सात दिवसांत जे कळू शकलं असतं ते हातचं जातं. बंद केलेल्यातली एकच गोष्ट एका वेळी परत आणा आणि मधे दोन-दोन दिवस जाऊ द्या. आधी कॉफीचा दुसरा कप, दोन दिवस झोपेवर काय होतं बघा. मग तळलेलं एकदा, पोटाला काय होतं बघा. मग बाहेरचं जेवण. कागदावर दोन शब्द लिहिले तरी पुरे, ‘कप दोन, झोप उशिरा’ इतकंच.

कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस मात्र परत आणायची काही गरज मला दिसत नाही, त्यातून साखरेपलीकडे फार काही मिळत नाही. बिस्किटाचं पाकीट वरच्या फळीवरून खाली आणायचं असेल तर आणा, पण पाकीट हातात घेऊन खाऊ नका, दोन काढून ताटलीत ठेवा आणि पाकीट परत वर.

चहात साखर परत घालायची असेल तर आधीच्या निम्मी घालून बघा. आठवडाभरात जीभ थोडीफार बदललेली असते, निम्मीच पुरेल अशी बरीच शक्यता आहे. मिठाचं जमायला मात्र जास्त वेळ लागतो, काही आठवडे तरी. त्यामुळे सुपात मीठ कमी वाटत असेल तर मिठाचा डबा उचलायच्या आधी अजून थोडं लिंबू पिळून बघा.